पाच टनी क्रेनला चुंबक लावावा का?

शेडवाला (४ मे, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा ते कळलं नाही, म्हणून 'तंत्रज्ञान'मध्ये टाकतोय. संपादकांना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

वर्धा-यवतमाळ रस्त्यापासून सात-आठ किलोमीटर आत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्या, जिनिंगवाल्यांचे हॉपर नि डक्ट, असलं काम. मी सुपरवायझर. मालक नागपूरला राहतात, आठवड्यातून दोनदा येतात. शेडात एक सिंगल गर्डर पाच टनी ईओटी (डोक्यावरच्या रुळांवर विजेनं फिरणारी) क्रेन आहे, खालून पेंडंटवर, म्हणजे लोंबत्या बटणांच्या पेटीवर, चालते. प्लेट उचलायला आजवर साखळी आणि प्लेट क्लॅम्प.

गेल्या महिन्यात आमच्या हेल्परची दोन बोटं साखळी आणि प्लेटच्या मधे सापडली. क्रेनवाल्याला वाटलं इशारा झाला, त्याने उचललं, याचा हात अजून आतच. एक बोट वाचलं, दुसऱ्याचं पेर गेलं. पोट्टा गावातलाच आहे, त्याच्या आईला मी वहिनी म्हणतो. त्यांच्या घरी जाऊन बसलो तेव्हा चहा समोर आला, तो पिववला नाही.

तेव्हापासून मालकांनी चुंबकाचं मनावर घेतलंय. 'मालाला हात लावायचं कामच नको' म्हणतात. मला पटतं. पण आमच्याकडे लाईनीचा काही भरवसा नाही. मे महिन्यात वादळ सुटलं की फीडर ट्रिप. प्लेट हवेत असताना लाईन गेली तर?

माल म्हणजे ५ ते २० मिमीच्या प्लेटा, बहुतेक १५०० बाय ६३००. थोडी चेकर्ड प्लेट. कापाकापीचं भंगार निघतं तेही कधी उचलावं लागतं. कोणी वापरलाय का? अनुभव सांगा.

तर्रीपोहे

पह्यले हे सांगा भाऊ, मालकाच्या खिशातून पगार ओढून काढणारा चुंबक भेटते का? भेटला तर दोन घेजा, एक माह्यासाठी.

मुळामुठा

साधा उपाय आहे. जनरेटर घ्या. ऑटो चेंजओव्हर लावा. विषय संपला.

निवृत्त_फोरमन

@मुळामुठा, विषय संपला नाही, प्लेट खाली पडली. जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला काही सेकंद लागतात. चुंबकातून सुटलेल्या प्लेटला तेवढेही लागत नाहीत.

शेडवाला, 'लाईन गेली तर काय' याचं उत्तर चुंबक कुठल्या जातीचा यावर आहे. लोक तीन वेगळ्या जनावरांना एकाच नावानं हाक मारतात नि मग गोंधळ होतो.

मी एकतीस वर्षं भंगार यार्ड नि मेल्टिंग शॉपला काढली. आमचा होता तो विजेचा. गोल, उलट्या परातीसारखा. आत अॅल्युमिनियमच्या पट्टीची कॉइल, तिला क्रेनवरच्या पॅनलमधून २२० व्होल्ट डीसी. करंट आहे तोवर पकड आहे. करंट गेला की माल जमिनीवर. म्हणून त्याला बॅटरीची बँक लावतात, दहा-वीस मिनिटं माल धरून ठेवील एवढी. तेवढ्यात भोंगा वाजवायचा, खालचं रान मोकळं करायचं नि होइस्टचा, म्हणजे माल वर-खाली करणाऱ्या यंत्राचा, ब्रेक हातानं जरा जरा सोडत माल टेकवायचा. भंगार यार्डात मात्र बॅटरी नसलेली पुष्कळ ठिकाणं मी पाहिली. का, तर खाली माणूस येतच नाही असं धरलेलं असतं. धरलेलं असतं, एवढंच म्हणतो.

दुसरा कायम चुंबक. आत निओडिमियमचे ठोकळे, बाजूला एक दांडी. दांडी इकडे केली की धरतो, तिकडे केली की सोडतो. वीज लागतच नाही.

तिसरा या दोघांचा संकर, त्याला इलेक्ट्रो-पर्मनंट म्हणतात. धरताना एकदा नि सोडताना एकदा विजेचा झटका लागतो, मधे शून्य. माल वर असताना तालुक्याची लाईन गेली तरी तो धरूनच बसतो. तुम्हाला प्लेटसाठी हाच बघावा लागेल. बाकी उद्या लिहितो, चष्मा बदलायचाय.

शेडवाला

काका, फार उपयोगी. उद्याची वाट बघतो.

फिजिक्सवाली

काकांचा चष्मा येईपर्यंत थोडं गणित करते.

लोखंडाची घनता ७.८५. म्हणजे एक चौरस मीटर पत्र्याचं वजन दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. तुमची १५०० बाय ६३०० प्लेट ९.४५ चौरस मीटर. म्हणून ५ मिमी साधारण ३७१ किलो, १० मिमी ७४२, १२ मिमी ८९०, आणि २० मिमी १४८४ किलो. भिंतीवर रंगवून ठेवा, दररोज कामाला येईल.

आता गंमत. जड प्लेट चुंबकाला सोपी, हलकी अवघड. चुंबकाची बलरेषा प्लेटीतून वळून परत जाते. प्लेट पातळ असली की तिच्यात तेवढी जागाच नसते, उरलेल्या रेषा खालच्या प्लेटीत उतरतात. परिणाम दोन. एक, पकड कमी. दोन, एक उचलायला जाता दोन उचलल्या जातात, आणि दुसरी अर्ध्या वाटेत सुटते. त्यातून सहा मीटर लांबीची ५ मिमी प्लेट मधे एकाच चुंबकावर धरली तर दोन्ही टोकं लोंबतात, कडेपासून सोलल्यासारखी निघत जाते. भाकरी तव्यावरून सुटते तशी.

चेकर्ड प्लेट तर विसराच. तिची नक्षी म्हणजे चुंबक आणि लोखंड यांच्यामधला हवेचा थर. गंज, रंग, स्केल (पत्र्यावरचा काळा पापुद्रा), ओली माती, वेल्डिंगचे शिंतोडे, सगळे तेच काम करतात. अर्धा मिलिमीटर फट फार वाटत नाही, पण पकड तिथे धाडकन उतरते. चुंबकावर 'एक टन' लिहिलेलं असतं ते जाड, स्वच्छ, सपाट प्लेटीसाठी. प्रत्येक चुंबकाबरोबर जाडीनुसार तक्ता येतो, तो न वाचता घेणार असाल तर साखळीच बरी.

तर्रीपोहे

ताई, भाकरीचं उदाहरण दिलं नि भूक लागली. आता तर्रीची बलरेषा पोह्यात कशी उतरते तेबी सांगा.

घुग्घुसचा_उन्हाळा

मी क्रेन ऑपरेटर. नऊ वर्षं केबिनमध्ये काढली. कारखान्याचं नाव सांगत नाही, पोट आहे.

भंगाराच्या बे मध्ये मॅग्नेट क्रेन चालवतो. बाहेर ४७ अंश असते तेव्हा वरती केबिनमध्ये काय असते ते विचारू नका. नवतपा लागला की गमछा ओला करून डोक्याला बांधतो, अर्ध्या तासात पापड. मॅग्नेटलाही ऊन लागते बरं. सकाळच्या पहिल्या खेपेला जेवढं उचलते तेवढं दुपारी उचलत नाही. नवीन पोट्टे म्हणतात 'मॅग्नेट थकला'. कॉइल गरम झाली की तिचा विरोध वाढते, करंट कमी होते, पकड कमी होते, एवढीच गोठ आहे. म्हणून तो सतत चालू ठेवायचा नसते. उचल, टाक, बंद कर, जाऊन ये. काही ऑपरेटर रिकामा परत येतानाही चालू ठेवतात. का बाप्पा? लोखंड हवेत हाये काय?

दोन गोष्टी अनुभवाच्या.

पहिली. एकदा माझ्या हातून भरलेला मॅग्नेट सुटला. लाईन गेली नव्हती. डीएसएलवरचा, म्हणजे क्रेनला वीज देणाऱ्या पट्टीवरचा, कलेक्टर, म्हणजे तो बूट जो वरच्या पट्टीवर घासत जाते, एका जोडावर उसळला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सप्लाय गेला नि आला. तेवढ्यात अर्धा माल खाली. बॅटरी बँक होती, पण सहा महिन्यांपासून मेलेली, कोणी पाहिलीच नव्हती. खाली कोणी नव्हतं. माझे हात मात्र दिवसभर थरथरत होते. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला काही सांगितलं नाही, आज इथं लिहितो आहे.

दुसरी. आमच्या जुन्या क्रेनवर लाल बटण दाबलं की सगळंच बंद होत होतं, मॅग्नेटसुद्धा. माणूस लाल बटण कधी दाबते? काही विपरीत दिसलं की. म्हणजे नेमका नको तेव्हा माल अंगावर. लाल बटणानं क्रेन थांबली पाहिजे, मॅग्नेट नाही. ही वायरिंग घ्यायच्या आधी विचारा.

साखळीसमर्थक

सगळे चुंबकावर चढून बसले म्हणून उलट बाजू मांडतो. चाळीस वर्षं रिगिंग केलं, एकाही माणसाचं बोट गेलं नाही. शेडवाला साहेब, तुमच्या पोऱ्याचं बोट साखळीनं नाही घेतलं, इशाऱ्यानं घेतलं. क्रेनवाल्याला इशारा देणारा माणूस एकच हवा, आणि साखळी लावणाऱ्यानं हात वर करून मोकळे दाखवल्याशिवाय त्यानं अंगठा वर करायचा नाही. याला एक रुपया लागत नाही. चुंबक आणाल तर हाच क्रेनवाला, हाच इशारा, आणि वर प्लेट. पूर्वी बोट जायचं, आता डोकं जाईल.

घुग्घुसचा_उन्हाळा

@साखळीसमर्थक, काका तुमचं खरं आहे. मले राग यायला पाहिजे होता, नाही आला.

फिजिक्सवाली

मला थोडा आला. 'माणूस नीट वागला तर अपघात होत नाही' हे सगळ्याच बाबतीत खरं असतं. माणूस अकराव्या तासाला, उपाशीपोटी, ४५ अंशात नीट वागेलच हे धरून काम आखणं हीच चूक आहे. साखळी लावायला हात प्लेटीखाली घालावाच लागतो. चुंबकाला तो लागत नाही. एवढा फरक मला पुरतो.

साखळीसमर्थक

ताई, चुंबक माल वरच्या अंगानं धरतो, खालून आधार काहीच नाही. साखळी गुंडाळलेली असते. वारा, धक्का, थोडी तिरकी ओढ, साखळी सहन करते. चुंबकाला आडवी ओढ चालत नाही, सरकतो. एवढा फरक मलाही पुरतो :)

निवृत्त_फोरमन

चष्मा आला.

दोघांचं ऐकलं. साखळीवाले म्हणतात तो मुद्दा मानूनच युरोपातल्या ईएन १३१५५ या मानकात कायम चुंबकाची सुटायची ताकद लिहिलेल्या वजनाच्या किमान तिप्पट हवी असं धरलेलं आहे. एक टन लिहिलंय तर तीन टनाला सुटला पाहिजे, त्याआधी नाही. ती तिप्पट तुमच्यासाठी नाही, गंज आणि स्केलसाठी राखलेली आहे. ती खाऊन दीड टन उचलणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता भंगाराचं. परातीएवढा चुंबक अखंड लोखंडाचा गोळा उचलेल त्याच्या कितीतरी पट कमी भंगार उचलतो. भंगारात लोखंडापेक्षा हवाच जास्त. तुमचं जेवढं भंगार निघतं तेवढ्यासाठी विजेचा चुंबक, रेक्टिफायर, केबलचा रीलिंग ड्रम हा संसार मांडू नका. हातगाडी बरी. आणि ते भंगार कुठल्या भट्टीला जात असेल तर एक सांगतो: कोरडं पाठवा. ओलं भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा वितळलेल्या लोखंडात गेला की पाण्याची वाफ होते आणि भट्टी तोंडातून पेट घेतल्यासारखी उडते. चुंबक काय, लोखंड दिसलं की उचलतो. आत पाणी आहे का, गॅस आहे का, त्याला काय माहीत. आमच्याकडे पावसाळ्यात निवडणाऱ्या बायाच खऱ्या सेफ्टी ऑफिसर होत्या. बंद शॉकअप, बंद सिलिंडर त्यांच्या नजरेतून सुटायचे नाहीत. त्यांना पगार मात्र सर्वांत कमी.

तुमसरकर

फोरमन काकांच्या परातीबद्दल थोडी गावची बढाई मारतो. त्या गोल मॅग्नेटच्या खालचं ताट, जे भंगारावर आपटतं, ते मॅंगनीज स्टीलचं असतं. साधारण ११ ते १४ टक्के मॅंगनीज. रॉबर्ट हॅडफील्डनं १८८२ साली काढलेलं पोलाद. गंमत म्हणजे ते स्वतः चुंबकाला चिकटत नाही. म्हणून बलरेषा त्यात न अडकता खाली जातात, आणि जितकं ठोकाल तितकं वरून कडक होत जातं. आणि मॅंगनीज कुठलं? आमच्या डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या खाणींमधे पिढ्यान्पिढ्या निघतंय ते. तिकडे मनसर, कांद्रीलाही.

त्याच कारणाने क्रशरच्या जबड्याच्या जुन्या प्लेटा मॅग्नेटनं उचलायला जाऊ नका. आमच्याकडे एका खडी क्रशरवाल्यानं मॅग्नेट विकणाऱ्याला 'माल खराब आहे' म्हणून दोन दिवस भांडून काढले. माल बरोबर होता, लोखंड वेगळं होतं. ३०४ स्टेनलेसचंही तेच.

तर्रीपोहे

म्हणजे आमच्या घरचे स्टीलचे ताटं चिकटत नाई म्हणून बायकोनं भांडेवाल्याले शिव्या दिल्या, ते चुकलंच म्हणा. जाऊन माफी मागतो. नाई, तिलेच पाठवतो.

शेडवाला

एक अडचण अजून. आमच्या हेल्परचे आजोबा शेडात आले होते. म्हणतात, 'चुंबकाखाली काम केलं की रक्तातलं लोखंड ओढल्या जाते, माणूस पिवळा पडते.' दोन पोरांनी तर तोंडावर सांगितलं की चुंबक आला तर आम्ही येणार नाही. हसण्यावारी नेलं तर चिडतात. काय सांगावं?

फिजिक्सवाली

आजोबांना सांगा, रक्तात लोह आहे हे अगदी बरोबर, पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेक अणू सुटा बांधलेला असतो. चुंबकाला ओढायला लोखंडाच्या अणूंची पलटण एका दिशेला उभी लागते. ती तिथे नाहीच. एमआरआयच्या मशीनमध्ये माणसाला अख्खं घालतात, तिथे १.५ टेस्लाचं चुंबकक्षेत्र असतं. कोणाचं रक्त बाहेर येत नाही. तुमच्या प्लेटवाल्या चुंबकाचं क्षेत्र तर वीतभर लांब गेलं की फार उतरतं.

एक अपवाद गंभीरपणे घ्या. कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्याला तिथून लांब ठेवा. शेडच्या दाराशी तशी पाटी लावा. पाटी बघून उरलेल्यांना धीर येतो की बाकीच्यांना काही होत नाही.

ढोरांचा_डॉक्टर

पिवळं पडण्यावरून आठवलं, थोडं अवांतर. मी पशुवैद्यक, अमरावती जिल्ह्यात. गाय चारा चघळून नाही, घाईनं गिळते. कुटारात खिळा, तार, सुई असली तरी पोटात. ते जड असल्यानं दुसऱ्या पोटात, जाळीसारखं असतं तिथं, जाऊन बसतं. त्या पोटाच्या अगदी पुढं हृदय. तार टोचत टोचत पडदा फाडून तिकडं जाते. गाय खंगते, पुढचे पाय फाकवून उभी राहते, उतार उतरताना कण्हते.

काही ठिकाणी यावर गाईला बोटाएवढा गुळगुळीत चुंबक गिळायला देतात. तो त्याच पोटात जन्मभर पडून राहतो आणि तारा-खिळे स्वतःला चिकटवून घेतो. शेडवाला, तुमच्या शेडाच्या आसपास ढोरं चरत असतील तर ग्राइंडिंगचा कचरा, वेल्डिंगच्या रॉडची थुटकं उघड्यावर टाकू नका. दर वर्षी मी एखाद्या तरी गाईचं पोट उघडतो नि आतून एखाद्या वर्कशॉपचा हिशेब निघतो.

तर्रीपोहे

डॉक्टरसाहेब, प्लास्टिकच्या पन्न्या पकडणारा चुंबक काढा. आमच्या गावच्या गाई त्याच्यावरच जगून राहिल्या.

ढोरांचा_डॉक्टर

तो निघाला तर पहिला मी गिळेन.

मुळामुठा

धागा गाईच्या पोटात गेला आहे. क्रेन कुठाय?

(जनरेटरबद्दल माघार घेतो. फोरमन काका बरोबर आहेत.)

कलमबहाद्दर

कायद्याचंही कोणी बोलेना म्हणून. कारखाने अधिनियम, १९४८, कलम २९ मध्ये असं होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे). क्रेन, साखळ्या, दोर आणि उचलायची सगळी अवजारं यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा पूर्ण तपासणी आणि तिची नोंदवही. सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला हवा आणि त्यापुढे उचलायचं नाही. क्रेनच्या रुळावर किंवा जवळ, जिथे क्रेन धडकू शकते अशा जागी माणूस काम करत असेल, तर क्रेन तिथून सहा मीटरच्या आत येता कामा नये. चुंबक आणला म्हणून तोही या यादीत येतो, 'नवीन आहे' हे कारण चालत नाही. शेडवाला, तुमच्या साखळ्यांचं शेवटचं सर्टिफिकेट कधीचं आहे?

शेडवाला

@कलमबहाद्दर, खरं सांगू? शोधावं लागेल.

साखळीसमर्थक

:) बघा. साखळीला नावं ठेवायच्या आधी.

निवृत्त_फोरमन

आणि एक हिशेब. चार चुंबकांचा बीम घ्याल तर बीमचं नि चुंबकांचं वजन तुमच्या पाच टनातून वजा करा. लोक हे विसरतात. पावसाळ्याआधी चुंबकाची केबल नि प्लग पाहायचा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा. चुंबक क्वचित बिघडतो, केबल दर वर्षी बिघडते. हूक खाली जातो तेवढी केबल ड्रमवरून सुटत नाही, ओढली जाते, आतून तुटते.

उन्हात ठेवलेल्या प्लेटीचंही सांगतो. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंशापुढे कमजोर होत जातो, आणि तो कमजोरपणा थंड झाल्यावरही पूर्ण भरून येत नाही. मे महिन्यात बाहेर पडलेल्या प्लेटीवर हात ठेवून बघा. अजून ८० नाही, पण लांबही नाही. नुकत्याच गॅसनं कापलेल्या कडेवर तर चुंबक ठेवूच नका. लोखंडाचंच म्हणाल तर ७७० अंशाला ते चुंबकाला ओळखच देत नाही. लाल झालेलं बिलेट, म्हणजे पोलादाची कांब, सांडशीनंच ओढायचं, ते म्हणूनच.

जिज्ञासू_आष्टी

मी नववीत आहे. आमच्या सायन्सच्या पुस्तकात खिळ्याला तार गुंडाळायचा प्रयोग आहे. तोच का हा?

फिजिक्सवाली

तोच. विल्यम स्टर्जननं १८२४ च्या सुमारास साधारण दोनशे ग्रॅम लोखंडाच्या नालाला तार गुंडाळून चार किलो उचलले. मग अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं तारेवर वेष्टण चढवून पुष्कळ वेढे दिले. १८३१ साली येल कॉलेजसाठी केलेल्या त्याच्या चुंबकानं नऊशे किलोच्या वर उचललं. तू खिळ्यावर वीस वेढे दे, मग चाळीस दे, टाचण्या मोज आणि इथे लिही.

शेडवाला (२१ जून, रात्री १०:१५)

मंडळी, धागा वर आणतो. उशिराबद्दल माफी.

चुंबक आला. बीमवर चार चुंबक, इलेक्ट्रो-पर्मनंट. मालक एकच मोठा घ्या म्हणत होते, स्वस्त पडतो म्हणून. ताईंचं भाकरीचं उदाहरण सांगितलं, ऐकलं. बीमचं वजन वजा करून पाटी रंगवली. प्लेटच्या वजनाचा तक्ता भिंतीवर आहे, त्यात २० मिमीचं १४८४ लाल रंगात. चेकर्ड प्लेट अजून क्लॅम्पनंच. भंगार हातगाडीनं. लाल बटणाचं @घुग्घुसचा_उन्हाळा यांनी सांगितलं नसतं तर मी विचारलंच नसतं. पेंडंटवर 'सोड'ला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, तीही करून घेतली.

@साखळीसमर्थक काकांचाही नियम लावला. इशारा एकच माणूस देतो, पिवळी टोपी घालून. आधी सगळ्यांनी हात वर दाखवायचे. पोरं हसली, 'हे काय पोलिसानं पकडल्यासारखं'. आता सवय झाली.

चौथ्या दिवशीच परीक्षा झाली. १२ मिमीची प्लेट छातीएवढी वर, आणि आभाळ भरून आलं, वारा सुटला, कडाड झालं, लाईन गेली. अख्ख्या शेडात काळोख. मी ओरडलो 'हाला बाहेर', पण सगळे आधीच बाहेर पडले होते. प्लेट जिथल्या तिथं. ना खाली, ना वर. चाळीस मिनिटं. होइस्टचा ब्रेक हातानं सोडून खाली घेता आली असती, पण अंधारात कोणाची छाती झाली नाही, माझीही नाही. बाहेर टपरीवर चहा घेत सगळे दारातून त्या प्लेटीकडे बघत बसलो. पेर गेलेला पोट्टा परत कामावर आलाय, पिवळी टोपी त्याच्याच डोक्यावर. तो म्हणाला, 'पह्यले आपला हात सापडे, आज प्लेट सापडली.'

आजोबा अजून म्हणतात पिवळा पडशील. तो त्यांना टोपी दाखवतो.

घुग्घुसचा_उन्हाळा

वा भाऊ. बॅटरी असेल त्यात तर महिन्यातून एकदा तपासजा. माझी आठवण ठेवा.

जिज्ञासू_आष्टी

वीस वेढ्यांना सात टाचण्या, चाळीसला बारा. सेल गरम झाला होता.

तर्रीपोहे

शेडवाला, त्या जुन्या साखळ्या विकता काय? विहिरीतली मोटर काढाले पाह्यजेत.

साखळीसमर्थक

@तर्रीपोहे, घ्यायच्या आधी दहा कड्या मोजून लांबी माप, नवीन साखळीच्या दहा कड्यांशी ताडून बघ. ताणलेली, झिजलेली निघाली तर भंगारात घाल. मोटर गेली तर गेली, पण काढताना तू विहिरीच्या काठावर वाकलेला असशील.

शेडवाला

तपासणीवाला मंगळवारी येतोय. दोन साखळ्या बाद होतील असं दिसतं, बाकीच्या ठेवणार आहे. चेकर्ड प्लेट आहे अजून.